विश्लेषण : चर्चगेटच्या पुढेही लोकल जात होती! कुलाबा टर्मिनस का बंद झाले?

चर्चगेट हे पश्चिम रेल्वेचे शेवटचे स्टेशन आहे, हे मुंबईकराला सांगावे लागत नाही. विरारहून निघालेली लोकल चर्चगेटला रिकामी होते. तिथून पुढे मंत्रालय, नरिमन पॉइंट, कफ परेड किंवा कुलाबा गाठायचे तर बेस्टची बस, शेअर टॅक्सी किंवा पायपीट, हा अनेक पिढ्यांचा नेम झाला आहे. मात्र १९३० सालापर्यंत ही रेल्वे चर्चगेटला संपत नव्हती. रूळ पुढे सुमारे दोन किलोमीटर दक्षिणेला जात होते आणि तिथे कुलाबा नावाचे मोठे टर्मिनस होते. विजेवर धावणारी लोकलही तिथपर्यंत पोहोचली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि दक्षिण मुंबईच्या या टोकाला तब्बल ९५ वर्षांनी पुन्हा रूळ आले. मग आधीचे रूळ का काढले गेले? भर शहरातले, गर्दीच्या ठिकाणचे, नुकतेच विद्युतीकरण झालेले स्टेशन बंद करण्याची गरज कोणाला आणि का वाटली?

कुलाबा स्टेशन नेमके कुठे होते?

कफ परेडच्या बाजूला वुडहाउस रोडजवळ (आताचा नाथालाल पारेख मार्ग) बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. कुलाबा टर्मिनस याच जागेवर होते. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी याच वसाहतीलगतच्या मच्छीमार वस्तीच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा ‘बधवार पार्क’ हे नाव देशभर ऐकले गेले. पण ऐन दक्षिण मुंबईत, एवढ्या मोक्याच्या जागी रेल्वेची वसाहत कशी, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. त्याचे उत्तर साधे आहे. ही जागा आधीपासूनच रेल्वेची होती.

चर्चगेटहून निघालेले रूळ ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडून, कूपरेजच्या बाजूने दक्षिणेला या ठिकाणी येत. आज तिथे समुद्र दिसण्यासाठी बरेच चालावे लागते. त्या काळी रुळांच्या पश्चिमेला समुद्रच होता. मरीन ड्राइव्ह, नरिमन पॉइंट आणि कफ परेडचे टॉवर यांपैकी काहीच नव्हते. आज मरीन ड्राइव्हच्या इमारतींच्या मागून जाणारी लोकल तेव्हा थेट पाण्याच्या कडेने धावत असे.

रेल्वे तिथपर्यंत गेली कशी?

मुंबईतली पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली. ती जीआयपी कंपनीची, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेची. आजची पश्चिम रेल्वे ज्या कंपनीतून घडली, ती बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजेच बीबीसीआय. तिची सुरुवात मुंबईत झालीच नाही. १८६० मध्ये तिची पहिली गाडी गुजरातमध्ये अंकलेश्वर ते उत्राण धावली. तिथून मार्ग दक्षिणेला वाढत गेला आणि २८ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत ग्रँट रोडला पोहोचला.

ग्रँट रोड हे तेव्हा शहराचे जवळजवळ बाहेरचे टोक होते. व्यापार, गोदी, सरकारी कचेऱ्या सगळे दक्षिणेला फोर्टात. त्यामुळे टर्मिनस टप्प्याटप्प्याने दक्षिणेला सरकत गेले. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबे स्टेशनपर्यंत पहिली उपनगरी गाडी आली. दिवसाला जाणारी एक आणि येणारी एक. १८७० मध्ये चर्चगेट झाले आणि १८७३ मध्ये प्रवासी गाड्या कुलाब्याला पोहोचल्या. त्यापुढे दक्षिणेला फक्त लष्करी छावणी, ससून गोदी आणि दीपस्तंभ. म्हणजे रेल्वेने बेटाचे टोकच गाठले होते.

रेल्वेला तिथे जागा मिळाली कुठून?

कुलाबा टर्मिनसच्या जन्माची आणि अंताची गोष्ट इथे एकमेकांत गुंतलेली आहे. रेल्वेला जागा मिळाली ती समुद्रात भराव टाकण्याच्या एका फसलेल्या योजनेतून.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. शहरात पैशाचा पूर आला. बँका, वित्तसंस्था आणि भरावाच्या कंपन्या रोज निघू लागल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली बॅकबे रिक्लमेशन कंपनी. प्रेमचंद रायचंद यांचे नाव या सट्ट्याशी कायमचे जोडले गेले. कल्पना अशी होती की गिरगावपासून कुलाब्यापर्यंतच्या अर्धवर्तुळाकार उपसागरात भराव टाकायचा, त्यातली काही जमीन बीबीसीआय रेल्वेला टर्मिनससाठी द्यायची आणि उरलेली जमीन विकून नफा कमवायचा. कंपनीच्या शेअरना मूळ किमतीच्या कित्येक पट भाव आला.

१८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ रोजी, वायद्याचे व्यवहार पुरे करायच्या दिवशी, शहरातल्या भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. बॅकबे कंपनीही गुंडाळावी लागली. तिच्या हातून किनाऱ्यालगतचा फक्त एक अरुंद पट्टा भरून झाला होता. तो सरकारने घेतला आणि रेल्वेला दिला. कुलाब्याकडे जाणारे रूळ याच पट्ट्यावर पडले.

ही बाब लक्षात ठेवायला हवी. कुलाब्याची रेल्वे बॅकबे भरावामुळे आली. पुढे साठ वर्षांनी ती गेली तीसुद्धा बॅकबे भरावामुळेच.

कुलाब्यालाच टर्मिनस का?

पहिले कारण कापूस. १८३८ मध्ये कॉजवे झाला आणि कुलाबा बेट मुंबईला जोडले गेले. १८४४ पासून कापसाचा बाजार कुलाब्यात भरू लागला. ‘कॉटन ग्रीन’ म्हणतात ते हेच. गुजरातचा कापूस बीबीसीआयच्या मालगाडीतून निघाला की थेट कुलाब्याच्या मालधक्क्यावर उतरायचा, तिथेच गाठी मोजल्या जायच्या आणि तिथूनच बोटीवर चढायच्या. रेल्वे कंपनीसाठी हा धंद्याचा कणा होता.

दुसरे कारण लष्कर. कुलाब्याचा दक्षिण भाग छावणीचा. सैन्याची आणि सामानाची ने-आण करायला टोकापर्यंत रेल्वे असणे सोयीचे होते.

तिसरे कारण प्रवासी. फोर्टातल्या कचेऱ्यांत काम करणारा वर्ग हळूहळू वांद्रे, अंधेरी, बोरिवलीकडे राहायला जात होता. या प्रवाशांना चर्चगेट आणि कुलाबा ही दोन्ही स्टेशने कामाच्या जागेजवळ पडत.

आधीचे तात्पुरते स्टेशन जाऊन १८९६ मध्ये कुलाब्याला टर्मिनसची पक्की इमारत उभी राहिली. लांब पल्ल्याच्या गाड्या इथूनच सुटत. १ सप्टेंबर १९२८ रोजी सुरू झालेली, मुंबईला पेशावरशी जोडणारी फ्रंटियर मेल हे बीबीसीआयचे भूषण. तिचाही मुंबईतला मुक्काम कुलाबाच होता. विलायतेहून बोटी येण्याच्या हंगामात मात्र ती बॅलार्ड पियरच्या मोल स्टेशनवरून सुटे, म्हणजे साहेबांना बोटीतून उतरून थेट गाडीत बसता येई. हीच गाडी आज गोल्डन टेम्पल मेल या नावाने मुंबई सेंट्रलहून अमृतसरला जाते.

मग बंद करण्याची वेळ का आली?

एका वाक्यात उत्तर द्यायचे तर प्रवासी कमी झाले म्हणून नव्हे, रुळांखालची आणि रुळांपलीकडची जमीन जास्त मोलाची वाटू लागली म्हणून.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत जागेची तीव्र टंचाई होती. १९१८ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या सर जॉर्ज लॉइड यांनी शहर विकासाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्यासाठी विकास खाते स्थापन झाले आणि बॅकबे भरावाची जुनी योजना पुन्हा बाहेर काढण्यात आली. या वेळी आकार प्रचंड होता. एकूण आठ भाग आणि ११४५ एकर जमीन.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. उत्तरेला मरीन लाइन्सपासून दक्षिणेला कुलाब्याच्या टोकापर्यंत भराव टाकायचा. पण जुनी मुंबई आणि ही नवी जमीन यांच्या मधोमध काय? रेल्वेचे रूळ. कालपर्यंत रूळ शहराच्या कडेला होते, कारण पलीकडे पाणी होते. पलीकडे जमीन झाली की तेच रूळ शहराच्या मध्यावरची भिंत होणार होते. प्रत्येक रस्त्याला फाटक किंवा पूल लागणार. नवी जमीन चांगल्या भावाने विकायची तर ती फोर्टाला विनाअडथळा जोडलेली हवी. त्यामुळे चर्चगेटच्या दक्षिणेकडची रेल्वे हटवणे योजनेच्या सोयीचे होते.

त्याच दशकात दुसरी गोष्ट घडली. कापसाचा बाजार कुलाब्यातून शिवडीला हलला. कुलाब्याच्या मालधक्क्याचे मुख्य कामच गेले. हार्बर मार्गावरच्या ‘कॉटन ग्रीन’ स्टेशनचे नाव म्हणजे कुलाब्यातून शिवडीला गेलेल्या बाजाराने सोबत नेलेली ओळख.

तिसरी बाजू रेल्वेच्या स्वतःच्या गरजेची. कुलाब्याला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला वस्ती. लांब पल्ल्याच्या गाड्या वाढत होत्या आणि यार्ड वाढवायला जागा नव्हती. कंपनीला मोठे टर्मिनस हवेच होते.

विजेच्या लोकलने निर्णय सोपा कसा केला?

ही बाब तांत्रिक आहे, पण समजून घेण्यासारखी आहे. बीबीसीआयची पहिली विजेची लोकल ५ जानेवारी १९२८ रोजी धावली, ती कुलाबा ते बोरिवली. म्हणजे कुलाब्याच्या रुळांवर विजेच्या तारा टाकल्या गेल्या आणि अवघ्या तीन वर्षांत ते रूळच काढावे लागले. वरकरणी ही उधळपट्टी वाटते. पण याच विजेने कुलाब्याशिवाय काम चालवण्याचा मार्गही दाखवला.

कोळशाच्या इंजिनाची गाडी टर्मिनसला आली की तिचे इंजिन आतल्या बाजूला अडकते. ते सोडवायचे, दुसऱ्या रुळावरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला न्यायचे, फिरवायचे, कोळसा-पाणी भरायचे आणि पुन्हा जोडायचे. या सगळ्याला वेळ लागतो आणि जादा रूळ, फिरते चक्र, कोळशाचे आणि पाण्याचे ठिकाण अशी बरीच जागाही लागते.

विजेच्या लोकलला दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असते. गाडी फलाटाला लागली की मोटरमन आणि गार्ड जागा बदलतात आणि तीच गाडी काही मिनिटांत उलट दिशेला निघते. ना इंजिन फिरवायचे, ना कोळसा भरायचा. त्यामुळे थोड्या जागेत, मोजक्या फलाटांवर कितीतरी जास्त गाड्या हाताळता येतात. आजही चर्चगेटला फलाट फक्त चार आहेत आणि गर्दीच्या वेळी तिथून मिनिटामिनिटाच्या अंतराने गाड्या सुटतात, ते याच पद्धतीवर.

म्हणजे उपनगरी आणि लांब पल्ल्याची वाहतूक वेगळी केली तर दोन्हींच्या जागेच्या गरजा वेगळ्या होतात. लोकलला चर्चगेटची चिंचोळी जागा पुरते. मेल-एक्स्प्रेसना मोठे यार्ड हवे, पण ते फोर्टाजवळच असले पाहिजे असे नाही. कुलाबा ही दोन्ही कामे एकत्र करत होते. कामांची वाटणी झाली आणि कुलाब्याकडे एकही काम उरले नाही.

ही वाटणी प्रत्यक्षात कशी झाली?

लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी बेलासिस रोडजवळ नवे टर्मिनस बांधण्यात आले. तेच मुंबई सेंट्रल. वास्तुविशारद क्लॉड बॅटली यांच्या आराखड्याची ही इमारत शापूरजी पालनजी कंपनीने २१ महिन्यांत उभी केली. १८ डिसेंबर १९३० रोजी तिचे उद्घाटन झाले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ३१ डिसेंबर १९३० रोजी, कुलाबा स्टेशन कायमचे बंद झाले. नव्या वर्षापासून चर्चगेट हे लोकलचे शेवटचे स्टेशन झाले. ते आजपर्यंत.

इथे एक गंमत आहे. १८६४ मध्ये ग्रँट रोडला आलेली रेल्वे नऊ वर्षांत दक्षिणेला कुलाब्यापर्यंत गेली होती. १९३० मध्ये लांब पल्ल्याचे टर्मिनस परत फिरले आणि ग्रँट रोडच्याही उत्तरेला जाऊन थांबले. गावाहून ट्रंका घेऊन येणाऱ्याला आता फोर्टात उतरता येणार नव्हते.

कुलाबेकरांचे हाल झाले का?

पूर्ण नाही, कारण इतर साधने होती. घोड्याची ट्राम मुंबईत ९ मे १८७४ पासूनची आणि तिच्या पहिल्या मार्गांपैकी एक कुलाब्याहूनच निघत होता. १९०७ पासून ट्राम विजेवर धावू लागली. शहरातली पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर सुरू झाली. अफगाण चर्चही कुलाब्यातलेच. म्हणजे रेल्वे बंद झाली तेव्हा कुलाब्याकडे ट्राम आणि बस दोन्ही होत्या. दोन किलोमीटरचे अंतर ट्रामने सहज कापता येते, हा हिशेब तेव्हाच्या लोकसंख्येला धरून चुकीचाही नव्हता.

मात्र ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईतली शेवटची ट्रामही बंद झाली. रूळ असलेले दुसरे साधनही गेले. उरली फक्त बस. आणि नेमक्या याच काळात चर्चगेटच्या दक्षिणेला गर्दी वाढायला सुरुवात झाली.

ज्या भरावासाठी रूळ काढले, त्याचे काय झाले?

लॉइड यांची योजना काही वर्षांतच अडचणीत आली. समुद्रात भिंत बांधायची, बंदरातून ड्रेजरने गाळ उपसायचा आणि तो नळ्यांतून भिंतीच्या आत सोडायचा, अशी पद्धत होती. गाळ अपेक्षेपेक्षा कमी निघाला आणि जो निघाला त्यातला बराचसा भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्रात गेला. खर्च वाढत राहिला. लोकांनी योजनेला ‘लॉइडचा मूर्खपणा’ असे नाव दिले.

या कारभारावर सर्वांत कडवा हल्ला चढवला तो तरुण वकील खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी. विकास खात्यातल्या हार्वे या अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. खटला गाजला आणि नरिमन निर्दोष सुटले. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि योजना आठ भागांवरून चार भागांवर आणावी लागली. १९२९ पर्यंत सुमारे ४४० एकर जमीन तयार झाली. उत्तरेकडचे पहिले दोन भाग आणि दक्षिणेकडचे शेवटचे दोन. दक्षिणेकडच्या जमिनीचा मोठा हिस्सा लष्कराकडे गेला.

मधले चार भाग, म्हणजे तिसरा ते सहावा, सोडून देण्यात आले. हे मधले भाग कुठले? साधारण चर्चगेट ते कुलाबा या पट्ट्यासमोरचा समुद्र. म्हणजे कुलाब्याची रेल्वे जिच्या आड येणार होती, त्या नव्या जमिनीचा मोठा भाग प्रत्यक्षात आलाच नाही. रूळ गेले आणि समोर पाणी तसेच राहिले.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. उत्तरेकडच्या भरावाचा शहराला फायदा झाला. मरीन ड्राइव्ह, ब्रेबॉर्न स्टेडियम आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडची आर्ट डेको इमारतींची रांग १९३० च्या दशकात उभी राहिली. समोरच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह हा परिसर २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. ओव्हलच्या कडेने मेल गाड्यांचा धूर सुरू राहिला असता, तर ही रांग अशी उभी राहणे कठीण होते.

आजच्या प्रवाशाला या निर्णयाची किंमत कशी मोजावी लागते?

सोडून दिलेल्या मधल्या भागांत भरावाचे काम पुन्हा सुरू झाले ते स्वातंत्र्यानंतर, प्रामुख्याने १९६० आणि १९७० च्या दशकांत. त्यातून नरिमन पॉइंट आणि कफ परेडचा नवा भाग तयार झाला. सचिवालय, म्हणजे आजचे मंत्रालय, १९५५ मध्ये आलेच होते. एअर इंडियाची इमारत १९७४ मध्ये झाली, नवे विधान भवन १९८१ मध्ये. बँका, कंपन्यांची मुख्यालये, वकिलाती, हॉटेले. देशातले सर्वांत महागडे कार्यालयीन केंद्र तिथे उभे राहिले. ज्या खुर्शेद नरिमन यांनी भरावाच्या कारभाराविरुद्ध आवाज उठवला, त्यांचेच नाव त्याच भरावावरच्या या भागाला मिळाले.

आणि हे सगळे उभे राहिले ते रेल्वे संपते त्याच्या पुढे. जिथे रूळ होते तिथे तेव्हा कार्यालये नव्हती. कार्यालये आली तेव्हा रूळ नव्हते.

परिणाम रोज सकाळी दिसतो. बोरिवली-विरारहून तास-दीड तास उभ्याने आलेला माणूस चर्चगेटला उतरतो आणि पुन्हा एका रांगेत उभा राहतो. बसची रांग, शेअर टॅक्सीची रांग, नाहीतर भरभर चालणाऱ्यांचा लोंढा. मंत्रालयापर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटे, नरिमन पॉइंटला त्याहून थोडे जास्त, कफ परेडला तर वाहनाशिवाय पर्याय नाही. परतताना हेच उलट. पावसाळ्यात हाच टप्पा सर्वांत कठीण.

नोकऱ्या बेटाच्या दक्षिण टोकाला आणि घरे उत्तरेला, ही विभागणी धोक्याची आहे, असा इशारा नगररचनाकारांनी तेव्हाच दिला होता. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. त्यातूनच पुढे सिडको आणि नवी मुंबई आली. तरीही नरिमन पॉइंटचे टॉवर उभे राहतच गेले.

मग स्टेशन बंद करणे चूक होती का?

सरळ ‘हो’ म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. १९३० मध्ये ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्यासमोर कापसाचा धंदा उठून गेलेले, वाढायला जागा नसलेले, कोळशाच्या इंजिनांचे टर्मिनस होते. लांब पल्ल्याच्या गाड्या मुंबई सेंट्रलला नेणे योग्यच ठरले. शहराच्या मधोमध फाटके नकोत, हा मुद्दाही खरा होता.

खरा आक्षेप वेगळा आहे. मेल-एक्स्प्रेस हलवणे आणि लोकल बंद करणे हे दोन वेगळे निर्णय होते. ते एकत्र घेतले गेले. लोकलला कुलाब्यात फार जागा लागणार नव्हती. दोन रूळ आणि दोन-तीन फलाट पुरले असते. विजेच्या तारा तर टाकून झाल्याच होत्या. दोन रुळांचा पट्टा राखून ठेवला असता तर पुढे तो उंचावर किंवा जमिनीखाली नेण्याचा पर्याय उरला असता. पट्टाच गेला, त्यावर रस्ते आणि इमारती आल्या आणि पर्याय संपला.

मुंबईत रेल्वेमार्गाची जागा एकदा सोडली की ती परत मिळत नाही. नवा मार्ग टाकायचा म्हटले तर घरे, झाडे, न्यायालयीन खटले, पुनर्वसन आणि हजारो कोटींचा खर्च उभा राहतो. रेल्वेच्या मोकळ्या जमिनींचा व्यावसायिक वापर करण्याची चर्चा आज सर्वत्र सुरू आहे. त्या चर्चेत कुलाब्याचे उदाहरण म्हणूनच महत्त्वाचे आहे. जमीन आज कितीला जाईल, हा हिशेब मांडता येतो. पन्नास वर्षांनी तिथून किती माणसे ये-जा करतील, हा हिशेब मांडणे अवघड असते म्हणून तो बहुतेक वेळा मांडलाच जात नाही.

मेट्रो ३ मुळे ही चूक भरून निघाली का?

काही प्रमाणात. कुलाबा-वांद्रे-सीप्झ या नावाने आखलेल्या मेट्रो ३ चा शेवटचा टप्पा आचार्य अत्रे चौक ते कफ परेड असा आहे. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि दुसऱ्या दिवसापासून तो प्रवाशांसाठी खुला झाला. साडेतेहेतीस किलोमीटर लांबीच्या या मार्गावर २७ स्थानके आहेत आणि आरे वगळता सर्व भुयारी आहेत. एकूण खर्च ३७ हजार कोटी रुपयांहून अधिक. चर्चगेटनंतर विधान भवन आणि मग कफ परेड अशी स्थानके आहेत. म्हणजे जुन्या चर्चगेट-कुलाबा रेल्वेचाच साधारण मार्ग, फक्त जमिनीखालून.

मात्र फरकही आहे. १९२८ मध्ये बोरिवलीला बसलेला प्रवासी त्याच डब्यातून, त्याच तिकिटावर कुलाब्याला उतरत होता. आज त्याला चर्चगेटला लोकल सोडून बाहेर यावे लागते, भुयारात उतरावे लागते, तपासणीतून जावे लागते आणि मेट्रोचे वेगळे भाडे भरावे लागते. शेवटच्या दोन किलोमीटरसाठी लोकलच्या पासधारकाला हा खर्च रोज परवडेलच असे नाही. त्यामुळे बस आणि शेअर टॅक्सीच्या रांगा लगेच संपणार नाहीत. तरीही पावसात छत्री सावरत चालण्यापेक्षा हा पर्याय निश्चितच चांगला आहे.

आज कुलाबा टर्मिनसचे काय उरले आहे?

दिसण्यासारखे फारसे नाही. टर्मिनसची इमारत नाही, फलाट नाहीत. उरली आहे ती बधवार पार्कची मालकी आणि नाव. रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष राहिलेले एफ. सी. बधवार यांचे नाव या वसाहतीला आहे. गाड्या गेल्या, पण जागेवरचा रेल्वेचा हक्क राहिला. शिवडीजवळचे कॉटन ग्रीन हे स्टेशन कुलाब्याच्या बाजाराची आठवण सांगते. आणि चर्चगेटला रूळ जिथे संपतात तिथे बफरच्या पलीकडे रस्ता दक्षिणेलाच जातो. पुढच्या वेळी चर्चगेटला उतरून कुलाब्याच्या बसची वाट पाहाल तेव्हा एवढे ध्यानात असू द्या : एकेकाळी हे शेवटचे स्टेशन नव्हते.